फी माफ आहे, पण आधी पूर्ण भरा : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना आणि संस्थाचालकांना खुलं पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री महोदय,
आणि राज्यातल्या विनाअनुदानित कॉलेजांचे सगळे संस्थाचालक,

सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात मुलीच्या कॉलेजची नोटीस पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या विद्यार्थिनींनी सुद्धा दुसऱ्या वर्षाची पूर्ण फी ॲडमिशनच्या वेळीच भरायची, शासनाकडून रक्कम आली की 'नियमानुसार' परत मिळेल, नाही भरली तर परीक्षेचा फॉर्म घेतला जाणार नाही. खाली शिक्का, सही, जावक क्रमांक, सगळं व्यवस्थित. एका पालकाने हात जोडलेला इमोजी टाकला, एकाने विचारलं 'सर हप्ते करून मिळतील का', बाकी ग्रुप चिडीचूप. ग्रुपवर भांडण्यात काही अर्थ नाही कारण ग्रुपचे ॲडमिन कॉलेजचेच सर आहेत, म्हणून हे पत्र इथं उघड्यावर लिहितोय.

मी कोण ते सांगतो. हिंगोली जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सात-बारा, पीकविमा, उत्पन्नाच्या दाखल्याचे अर्ज, आणि जून ते डिसेंबर शिष्यवृत्तीचे फॉर्म. आम्ही ओबीसी, वर्षाचं उत्पन्न आठ लाखाच्या कितीतरी खाली. मुलगी पुण्यात खाजगी कॉलेजला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करते, कॅप राउंडमधून म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून लागलेली, स्वतःच्या मार्कांवर. म्हणजे मी दोन्ही बाजूंनी यात आहे, दुसऱ्यांचे फॉर्म भरतो आणि स्वतःच्या लेकीची फी पण भरतो.

आधी चांगलं ते चांगलं म्हणतो. ८ जुलै २०२४ चा जीआर खरंच मोठा होता. ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुली, घरचं उत्पन्न आठ लाखापर्यंत, कॅपमधून ॲडमिशन, तर व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी १०० टक्के सरकार देणार, आधी हे निम्मंच होतं. तो जीआर मी लॅमिनेट करून दुकानात लावलाय. बाया येतात, बोट ठेवून वाचतात, फोटो काढून नेतात. ज्या घरात 'पोरीला डी.एड. कर नाहीतर बी.ए. कर, खर्च कमी' असं ठरलेलं होतं त्या घरातल्या पोरी त्या वर्षी इंजिनिअरिंग, फार्मसीचे ऑप्शन फॉर्म भरायला आल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे योजना वाईट आहे असं कुणी माझ्या तोंडी घालू नका.

तक्रार वेगळी आहे. फी सरकार देणार हे ठरलंय, पण सरकारचा पैसा येईपर्यंत मधले आठ-दहा महिने तो पैसा कुणी घालायचा हे कुणी ठरवलंच नाही, आणि जे कुणीच ठरवत नाही ते शेवटी आई-बापाच्या गळ्यात येतं. कॉलेजांनी अशा मुलींकडून फी मागू नये असं सरकारनं सांगितलेलं आहे. कॉलेजं मागतात. ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, तुम्हालाही आहे.

आमचाच हिशोब मांडतो म्हणजे हवेत बोलतोय असं वाटायला नको. पहिल्या वर्षी ॲडमिशनच्या दिवशी काउंटरवर १,१८,००० सांगितले. मी जीआरची प्रिंट दाखवली. क्लार्क मॅडम चांगल्या होत्या, म्हणाल्या 'काका, मला माहीत आहे सगळं, पण मॅनेजमेंटचा आदेश आहे, तुम्ही वर भेटा.' वर भेटलो. वरचे म्हणाले सरकारकडून मागच्याच वर्षाचे यायचेत, आम्ही पगार कुठून करायचे, तुम्ही भरून टाका, आले की परत देऊ. रिपोर्टिंगची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी होती. तारीख गेली की सीट जाते, सीट गेली की पुढच्या राउंडला कुठलं कॉलेज लागेल याची खात्री नाही, त्या अवस्थेत कुठला बाप वाद घालत बसेल सांगा.

तर ते १,१८,००० असे उभे केले : बायकोच्या पाटल्या पतसंस्थेत ठेवून ६०,०००, तिच्या बचत गटातून ३०,०००, मेव्हण्याकडून हातउसने २०,०००, आणि गल्ल्यातले ८,०००. सोनेतारणाला वर्षाला १२ टक्के म्हणजे ७,२००. गटाला शेकडा दोन म्हणजे महिन्याला ६००, वर्षाला तेही ७,२००. मेव्हणा व्याज घेत नाही, त्याचं व्याज दिवाळीला वेगळ्या पद्धतीनं ऐकून घ्यावं लागतं ते सोडा. म्हणजे ज्या पोरीची शिक्षण फी 'पूर्ण माफ' आहे तिच्या फीपायी मी वर्षाला १४,४०० रुपये नुसतं व्याज मोजतोय. कुणाच्या वाट्याचं? सरकारनं द्यायच्या पैशाचं. सरकारला उशीर झाला, कॉलेजला थांबायचं नव्हतं, आणि त्या दोघांच्या मधलं अंतर माझ्या बायकोच्या पाटल्यांनी भरून काढलं.

आणि पुढचं ऐका. सरकारचा पहिला हप्ता कॉलेजकडे जमा झाला, शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर तसं दिसतंय, स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे. तेव्हा दुसऱ्या सेमिस्टरच्या परीक्षा संपत आल्या होत्या. मी फोन केला, पैसे परत कधी? उत्तर आलं 'पुढच्या वर्षाच्या फीमध्ये ॲडजस्ट करू.' पुढच्या वर्षाची फी पण माफच आहे हो! मग ॲडजस्ट कशात करताय? आणि आता नोटीस बघतोय तर त्यात ॲडजस्टचा शब्दसुद्धा नाही, परत पूर्ण भरा.

हे फक्त माझं असतं तर पत्र लिहिलं नसतं. दुकानात रोज हेच. ज्यांनी कधी शेतकऱ्याच्या घरात जून-जुलै काढला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, आमच्याकडे ॲडमिशन आणि पेरणी एकाच हंगामात येतात. बियाणं, खत, फवारणी यात होता नव्हता तो पैसा रानात गेलेला असतो, हळद विकून झालेली असते, सोयाबीन ऑक्टोबरला येणार आणि आलं तरी हमीभावानं जाईल याची खात्री नाही. नेमकं त्याच वेळी काउंटरवर लाख-सव्वालाख मागितले जातात. मग पीककर्ज उचललं तर ते फीला जातं, आणि खत उधारीवर. दुकानदार उधारीचा भाव वेगळा लावतो. तेही व्याजच की, फक्त पावती मिळत नाही. कॉलेजवाल्यांना फी नोव्हेंबरात मागायला सांगितली असती तरी निम्मे लोक सावकाराच्या दारात गेले नसते, पण नोव्हेंबर तर लांबच, माफ असलेली फी जुलैत रोख पाहिजे.

आता बाकीचे मुद्दे, जमेल तसे एकेक.

माफ फक्त शिक्षण फी आणि परीक्षा फी आहे. पावतीवर त्याशिवाय विकास शुल्क, डिपॉझिट, लायब्ररी, जिमखाना, आयकार्ड, 'इतर' अशा ओळी असतात, आणि 'इतर' मध्ये काय येतं हे विचारलं तर काउंटरच्या काचेपलीकडचा माणूस आपल्याकडे असं बघतो की जणू आपण त्याचा पगार विचारला. फी नियामक प्राधिकरण कॉलेजची फी ठरवतं ते कॉलेजच्या मागच्या खर्चाचा हिशोब बघूनच ठरवतं ना, मग त्या मंजूर फीची फोड, माफ किती आणि भरायचे किती, हे मराठीत बोर्डावर लावायला काय हरकत आहे? लोकांना कळत नाही म्हणून ते गप्प भरतात.

मुलांचं अजून निम्म्यावरच आहे. ज्या घरात एक मुलगी एक मुलगा आहे तिथं मुलाची अर्धी फी आणि त्याचा राहायचा खर्च कुठून आणायचा हा प्रश्न तसाच. आणि आठ लाखाची अट घरात कॉलेजला एक पोर असलं काय आणि दोन असली काय, तीच. यावर लगेच काही करा असं म्हणत नाही, पण विचारात घ्या.

अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना ही योजना लागू नाही, ठीक आहे, जीआरमध्ये तसं लिहिलंय. पण नावाजलेली कॉलेजं एकेक करून स्वतःची विद्यापीठं काढायला लागली आणि त्यासोबत योजनेच्या बाहेर जायला लागली तर उद्या चांगल्या कॉलेजात ही माफी उरणार कुठं? हा प्रश्न तुमच्या खात्यात कुणाला पडलाय का ते कळलं तर बरं होईल.

राहण्याखाण्याचं तर विचारूच नका. योजना भरपूर आहेत हो. अल्पभूधारक आणि मजुरांच्या मुलांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, एससी मुलांना स्वाधार, ओबीसींना सावित्रीबाई फुले आधार, पुण्या-मुंबईला वर्षाला साठ हजारापर्यंत मिळतात असं कागदावर आहे. पण मेसवाला महिन्याच्या पाच तारखेला पैसे मागतो आणि भत्ता वर्ष सरताना येतो, आला तर. भूक काय मार्च एंडला लागत नाही. ज्या पोरीला भत्ता मंजूर आहे तीच पोर महिन्याच्या शेवटी एक वेळच्या डब्यावर राहते आणि आईला फोनवर 'जेवले' म्हणून सांगते, हे मला माझ्या मुलीनं तिच्या रूमपार्टनरबद्दल सांगितलं, आणि मला नीट माहीत आहे की पोरी असं रूमपार्टनरचं नाव सांगून स्वतःचं पण सांगत असतात.

फॉर्मचं माझ्या धंद्यातलं आहे म्हणून थोडं जास्त लिहितो, राग मानू नका. एक बाई आली होती, ऊसतोडीला जाणारं घर. प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद : उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, जातीचा, नॉन क्रीमीलेअर, रेशनकार्ड, बारावीची मार्कलिस्ट, कॅपचं अलॉटमेंट लेटर, बोनाफाईड. एक कागद कमी नव्हता, पिशवीला दोन गाठी. फॉर्म अडला कुठं, तर ओटीपीवर. आधारला जो मोबाईल नंबर जोडलेला तो नवऱ्याचा, सिम रिचार्ज नाही म्हणून बंद झालेलं. नंबर बदलायला आधार केंद्रात जायचं, ते जिल्ह्याच्या गावी, एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं. नंबर झाला तर बँक खातं आधारला सीड म्हणजे जोडलेलं नाही. ते झालं तर कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनला अर्ज तसाच पडून, 'अंडर स्क्रूटिनी'. क्लार्कनं बघितला तर सेंड बॅक, कारण काय तर दाखला नीट दिसत नाही, आणि हे सेंड बॅक झालंय हे त्या बाईला कळणार कसं? मेसेज पोर्टलवरच्या त्याच जुन्या बंद नंबरला. मुदत संपली की दोष कुणाचा, विद्यार्थ्याचा. आणि हे सगळं दरवर्षी परत. जात दरवर्षी बदलते का? डोमिसाईल बदलतं का? सरकारच्याच कचेरीनं दिलेला दाखला सरकारच्याच पोर्टलवर परत परत अपलोड करायला लावायचा आणि त्याचे मी फॉर्मामागे पैसे घ्यायचे. माझं तर यात पोट चालतंय, तरी मी म्हणतो बंद करा.

एक गोष्ट तर खूप दिवस डोक्यात आहे. एससी विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर येतो आणि त्यातली फी त्यानं सात दिवसाच्या आत कॉलेजला भरायची असा नियम आहे. चांगला नियम. मग जेव्हा उलटं असतं, पालकाचा पैसा कॉलेजकडे अडकलेला आणि सरकारचा पण आलेला, तेव्हा कॉलेजनं किती दिवसात परत करायचा? अठरा वर्षाच्या पोराला सात दिवस आणि करोडोची उलाढाल असलेल्या संस्थेला मुदतच नाही, हे कुठलं गणित?

कर्ज काढा म्हणणारे पण भेटतात. काढतो की. नियमाप्रमाणे चार लाखापर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला मार्जिन, म्हणजे आपल्या खिशातून घालायचा हिस्सा, नाही आणि साडेसात लाखापर्यंत तारण नाही. ब्रँचमध्ये जाऊन बघा, पहिला प्रश्न 'शेती किती, एफडी आहे का'. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं पीएम विद्यालक्ष्मी मंजूर केली, विनातारण विनाजामीन, पण ती मंजूर झाली तेव्हा ८६० नामांकित संस्थांसाठी. आमच्या लेकरांना लागतात ती कॉलेजं बहुतेक त्या यादीत नाहीत. आणि मुळात ज्या फीचं बिल सरकारच्या नावावर आहे तिच्यासाठी मी कर्ज का काढू? बँकवाल्यांना वेगळं पत्र लिहीन कधीतरी.

संस्थाचालक साहेब, तुमचीही अडचण मला समजते. सरकार वेळेवर देत नाही, प्राध्यापकांचे पगार थकतात, हे खोटं नाही. पण तुमच्यामागे बँका आहेत, संघटना आहेत, मंत्रालयात उठबस आहे, तुमच्यातले बरेच जण आमदार-खासदार आहेत किंवा होते. १९८३ साली वसंतदादांनी विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली तेव्हापासून तुमच्या संस्था वाढल्या त्या आमच्यासारख्यांच्या फीवरच. थकबाकी सरकारकडे मागायचा जोर तुमच्यात आहे, आमच्यात नाही. तुम्ही मात्र वसुली सोप्या माणसाकडून करता. कार्यक्रमात भाषणं ऐकतो, शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात बोर्डिंग काढलं, कर्मवीरांच्या लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या मुलांसाठी अंगावरचं सोनं मोडलं, मंगळसूत्रसुद्धा ठेवलं नाही. टाळ्या पडतात. तेव्हा सोनं संस्था चालवणाऱ्यांच्या घरातलं जायचं, आता विद्यार्थ्याच्या घरातलं जातं, एवढा फरक तुमच्यापैकी एकाने तरी भाषणात सांगावा.

आता मागण्या. उपकार मागत नाही, जे कागदावर आहे तेवढंच वेळेवर मागतोय.

मंत्री महोदय, पहिली आणि सगळ्यात मोठी : शिष्यवृत्तीच्या हप्त्यांची तारीख ठरवा आणि ती जाहीर करा. पहिला हप्ता दिवाळीच्या आत, दुसरा दुसऱ्या सेमिस्टरची परीक्षा सुरू व्हायच्या आत. तारीख चुकली तर कॉलेजला उशिराचं व्याज सरकारनं द्यावं. एकदा व्याज तिजोरीतून जायला लागलं की फायली आपोआप पळतील, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही.

दुसरी, पात्र मुलींकडून माफ असलेली फी आधी घेऊच नये याचं नुसतं परिपत्रक नको, मोडलं तर काय होईल ते त्यात लिहा. दंड किती, कोण करणार, तक्रार कुठं करायची आणि तक्रार करणाऱ्या मुलीचं नाव कॉलेजला कळणार नाही याची हमी. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण पालक घाबरतात ते याला, इंटर्नल मार्क कॉलेजच्या हातात असतात.

ज्यांचे पैसे आधीच घेतलेत ते सरकारचा हप्ता जमा झाल्यापासून पंधरा दिवसात पालकाच्या खात्यावर परत करा, ॲडजस्ट हा प्रकार बंद. फीसाठी हॉल तिकीट, परीक्षा फॉर्म, टीसी, मार्कलिस्ट अडवायची नाही. मूळ कागदपत्रं अडवून ठेवू नका असं यूजीसीनं २०१८ लाच सांगितलंय, तरी अजून पोरं कागदासाठी चकरा मारतात.

निर्वाह भत्ता आणि आधार योजनेचे पैसे महिन्याला द्या. रिन्यूअलला फक्त हजेरी आणि मार्कलिस्ट मागा, बाकीचे दाखले तुमच्याच सिस्टीममध्ये आहेत. अर्ज कॉलेजच्या लॉगिनला पंधरा दिवसाच्या वर पडून राहिला तर तो आपोआप पुढं जावा आणि उशिराची जबाबदारी कॉलेजवर.

संस्थाचालकांना एकच मागणी : काउंटरशेजारी बोर्ड लावा. कुठल्या प्रवर्गाला किती माफ, किती भरायचे, कशाचे, आणि सरकारकडून या वर्षी तुम्हाला किती आले, कधी आले. बोर्डाचा खर्च परवडत नसेल तर फ्लेक्स मी माझ्या दुकानातून करून पाठवतो, खरंच पाठवतो.

आणि हे वाचणाऱ्या पालकांना. भरायची वेळ आलीच तर रोख देऊ नका, पावतीवर शिक्षण फी वेगळी लिहून घ्या, 'शिष्यवृत्ती जमा झाल्यावर परत मिळावी' असा साधा अर्ज द्या आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टानं पाठवा. पोर्टलवर हप्ता जमा झाल्याचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा. अर्ज कसा लिहायचा माहीत नसेल तर विचारा, नमुना देतो, त्याचे पैसे घेत नाही.

आपला,
दुसऱ्या वर्षाची फी पुन्हा जमवायला लागलेला एक बाप
जि. हिंगोली